समोर असूनही दिसत नाही, तेव्हा मेंदूत काय चाललेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डोळ्यासमोरची वस्तू दिसत नाही, कानावर पडलेलं वाक्य कळत नाही, पण भर गोंगाटात कुणी आपलं नाव घेतलं की मान चटकन वळते. मग ज्याकडे लक्ष नव्हतं ते मेंदू टाकून देतो, की आत कुठेतरी वाचत असतो? आणि जास्त लक्ष देण्याची सवय लावली तर अशा चुका थांबतील का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहे. थांबणार नाहीत. एका गोष्टीवर लक्ष जितकं घट्ट, तितकं बाकीचं जाणिवेत येण्याची शक्यता कमी. ‘दिसलं नाही’ हा बहुतेक वेळा वेंधळेपणा नसतो. लक्षाचं काम नीट चालू असल्याचाच तो परिणाम असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणारा माणूस आळशी नसतो, तो मन लावून शोधत असतो, फक्त दुसरीकडे. त्यामुळे उपाय कामाच्या मांडणीत शोधावा लागतो, माणसाच्या चिकाटीत नाही. हे पटण्यासाठी पहिल्या भागाचं उत्तर तपशिलात पाहायला हवं.

कानापासून सुरुवात करू. १९५३ मध्ये कॉलिन चेरी यांनी हेडफोनच्या दोन बाजूंना दोन वेगळे मजकूर लावले आणि लोकांना सांगितलं की एका कानातला मजकूर ऐकता ऐकता मागोमाग मोठ्याने म्हणत जा. नंतर दुसऱ्या कानाबद्दल विचारलं. आवाज पुरुषाचा होता आणि मध्येच बाईचा झाला, किंवा एकसुरी शिट्टीसारखा नाद वाजला, हे लोकांना सांगता येत होतं. शब्द मात्र एकही सांगता येईना. मजकूर इंग्रजीतून जर्मनमध्ये गेला याचाही बहुतेकांना पत्ता नव्हता. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी दुर्लक्षित कानात शब्दांची एक छोटी यादी ३५ वेळा ऐकवली, तरी ती नंतर ओळखता आली नाही. म्हणजे आवाजाची जात कळते, अर्थ कळत नाही. चेरी यांच्यासारख्या प्रयोगांवरून डोनाल्ड ब्रॉडबेंट यांनी १९५८ मध्येच गाळणीची कल्पना मांडली होती: बाहेरून येणारं सगळं आधी जाडसर गुणांवर चाळलं जातं आणि निवडलेला एकच प्रवाह अर्थापर्यंत पोहोचतो.

पण मोरे यांच्याच प्रयोगात दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं, तेव्हा काहींनी ते पकडलं. अर्थ लागण्याआधीच गाळणी सगळं अडवत असेल तर नाव ओळखलं कुणी? अॅन ट्रीझमन यांचं उत्तर मला आजही सर्वांत उपयोगी वाटतं. गाळणी दार बंद करत नाही, आवाज बारीक करते. आत गेलेल्या त्या बारीक आवाजातून एखादा शब्द जागा व्हायचा तर त्याचा उंबरठा मुळातच खाली असावा लागतो. आपल्या नावाचा तो कायमचा खाली असतो. आत्ता ऐकत असलेल्या वाक्यात पुढे जो शब्द येणं स्वाभाविक आहे, त्याचा तात्पुरता खाली येतो. म्हणूनच त्यांच्या प्रयोगात वाक्य मध्येच एका कानातून दुसऱ्या कानात उडी मारायचं, तेव्हा काही जण नकळत त्याच्यामागे जाऊन दुसऱ्या कानातले एकदोन शब्द म्हणून मोकळे व्हायचे. जे. ए. डॉइच आणि डी. डॉइच यांनी १९६३ मध्ये याच्या पुढे जाऊन म्हटलं की सगळंच अर्थापर्यंत जातं आणि निवड त्यानंतर होते. हा वाद पुढे तीस वर्षं चालला.

नाव ऐकू येण्याबद्दल एक दुरुस्ती मात्र आवश्यक आहे. ‘आपलं नाव सगळ्यांना ऐकू येतं’ असं सर्रास लिहिलं जातं, ते खरं नाही. मोरे यांच्याकडे आणि १९९५ मध्ये वुड व कोवन यांनी जास्त काटेकोरपणे केलेल्या पुनरावृत्तीतही सुमारे एक तृतीयांश लोकांनाच ते कळलं. ज्यांना कळलं, त्यांचं मागोमाग म्हणणं लगेच अडखळलं. म्हणजे जाणिवेत काही शिरलं तर त्याची किंमत चालू कामाला मोजावी लागते. २००१ मध्ये कॉनवे, कोवन आणि बंटिंग यांनी यात आणखी भर घातली. डोक्यात एका वेळी गोष्टी धरून ठेवण्याची क्षमता, म्हणजे कार्यकारी स्मृती, ज्यांची कमी होती त्यांच्यापैकी ६५ टक्के लोकांना नाव ऐकू आलं. ज्यांची जास्त होती त्यांच्यापैकी फक्त २० टक्के लोकांना. नाव पकडणं हे तीक्ष्ण कानाचं लक्षण नाही. उलट, नको ते अडवून धरण्याची ताकद कमी पडल्याचं ते लक्षण आहे.

हा प्रयोग कुणालाही करून पाहता येतो. दोन मजकूर घ्या, प्रत्येकी साधारण दोन मिनिटांचे, दोन्ही एकाच आवाजात, एकाच वेगाने वाचलेले. मिनिटाला १५० शब्दांच्या आसपासचा वेग ठेवा. आवाज संपादित करणाऱ्या कुठल्याही साध्या सॉफ्टवेअरमध्ये एक मजकूर पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे लावा. दुर्लक्षित बाजूला एका मिनिटानंतर एकच बदल घाला: भाषा बदला, किंवा आवाज बदला, किंवा नाव घाला. एका माणसावर एकच बदल. ऐकणाऱ्याने पहिल्या शब्दापासून मोठ्याने म्हणत राहायचं, आणि त्याचं म्हणणं तुम्ही रेकॉर्ड करायचं.

बिघडतं ते बहुतेक वेळा लक्ष द्यायच्या बाजूच्या मजकुरात. त्यात अर्ध्या सेकंदाहून मोठे विराम राहिले तर लक्ष त्या फटीतून दुसऱ्या कानाकडे जाऊन परत येतं, आणि आपल्याला वाटतं की लक्ष न देताच अर्थ कळला. नकळत अर्थ लागतो असं दाखवणाऱ्या कित्येक जुन्या प्रयोगांवर याच गळतीचा आक्षेप आहे, आणि मला तो रास्त वाटतो. विराम कापून टाका. मजकूर ओळखीचा किंवा पाठ असलेला नको, कारण पुढचे शब्द आधीच माहीत असले की काम हलकं होतं आणि लक्ष मोकळं सुटतं. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा मोठा आहे ना, ते हेडफोन उलटे घालून तपासा. आणि ‘दुसऱ्या कानात काय होतं ते नंतर विचारणार आहे’ हे आधी सांगू नका. एकदा विचारलं की तो माणूस त्या प्रयोगासाठी संपला. पुढच्या फेरीत तो दोन्हीकडे कान देणारच.

प्रश्न विचारण्याची पद्धतही महत्त्वाची. ‘काही वेगळं जाणवलं का?’ एवढंच विचारलं तर धूसर काहीतरी जाणवलेला माणूससुद्धा ‘नाही’ म्हणतो, कारण खात्री नसताना होकार द्यायला लोक कचरतात. त्यामुळे ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही पुढे पर्याय द्या: डावीकडे की उजवीकडे, लाल की निळं, पुरुष की बाई. अलीकडच्या मोठ्या प्रयोगांत असं दिसलं आहे की ‘काहीच दिसलं नाही’ म्हणणाऱ्यांचे अंदाजही निव्वळ योगायोगापेक्षा बरे निघतात. म्हणजे ‘दिसलं नाही’ या एका उत्तरात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. खरोखर दिसलं नाही, दिसलं पण लगेच पुसलं गेलं, किंवा पुसट दिसलं पण सांगण्याइतकी खात्री नव्हती. या तिन्ही वेगळ्या काढल्याशिवाय जाणिवेबद्दल ठाम विधान करू नये.

आधी निवड की आधी अर्थ, हा वाद बराचसा सुटला तो निली लॅव्ही यांच्या १९९५ मधल्या कामाने. त्यांचं म्हणणं असं, की संवेदनाची क्षमता मर्यादित आहे, पण ती अर्धवट वापरून उरलेली बाजूला ठेवता येत नाही. समोरचं काम सोपं असेल तर उरलेली क्षमता आपोआप आजूबाजूच्या गोष्टींवर सांडते, मग त्या वाचल्या जातात आणि कामात अडथळा आणतात. काम डोळ्यांना भरपूर गुंतवणारं असेल तर सांडायला काही उरतच नाही. म्हणजे निवड लवकर होते की उशिरा, हे कामावर ठरतं. यातला एक फरक लोक हमखास विसरतात. हे डोळ्यांवरच्या ओझ्याबद्दल आहे. डोक्यात आकडे धरून ठेवण्यासारखं स्मृतीवरचं ओझं असेल तर परिणाम उलटा होतो, लक्ष जास्त विचलित होतं, कारण नको ते अडवण्याचं काम तीच स्मृती करत असते.

आता डोळे. १९९९ मध्ये डॅनिएल सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री यांनी केलेला चेंडूचा प्रयोग बहुतेकांना ऐकून माहीत असतो: पांढऱ्या आणि काळ्या कपड्यांतले खेळाडू चेंडू फेकतात, एका गटाच्या फेका मोजायच्या, आणि मध्येच गोरिलाच्या वेशातलं माणूस चालत जातं. साधारण निम्म्यांना ते दिसत नाही. मला त्यातला कमी सांगितला जाणारा आकडा जास्त मोलाचा वाटतो. सोप्या मोजणीत पांढऱ्या गटाकडे पाहणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांना गोरिला दिसला, काळ्या गटाकडे पाहणाऱ्यांपैकी ८३ टक्के. गोरिला काळा होता. म्हणजे काय दिसेल हे वस्तू किती विचित्र किंवा मोठी आहे यावर फारसं ठरत नाही. आपण काय शोधतो आहोत आणि ती वस्तू त्याच्याशी किती मिळतीजुळती आहे, यावर ठरतं.

अनुभवी माणसाचं काय? २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वुल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी स्कॅन देऊन फुप्फुसातल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनच्या काही कापांत गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणारं यंत्र लावलेलं होतं. त्यातून कळलं की न दिसलेल्या २० पैकी १२ जणांची नजर थेट त्या जागेवरून गेली होती. इथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखं आहे. बाहुलीतून प्रकाश आत गेला, डोळ्यातल्या पडद्यावर प्रतिमा उमटली, नजर जागेवर होती, तरी जाणिवेत काही आलं नाही. ते लहान, पांढऱ्या, गोलसर ठिपक्यांसाठी सज्ज होते आणि गोरिला गडद होता. ‘नीट बघितलं नाही’ हा आरोप अशा ठिकाणी चुकीचा ठरतो. नजर गेली याचा अर्थ लक्ष गेलं असा होत नाही. उलट दिशेनेही हे खरं आहे. १९८० मधल्या मायकेल पॉस्नर यांच्या प्रयोगांत नजर मध्यभागी स्थिर ठेवून लक्ष बाजूला नेता येतं आणि तिथे आलेला ठिपका लवकर टिपला जातो, हे दाखवलं गेलं.

वेळेच्या बाबतीतही अशीच फट असते. सेकंदाला सुमारे दहा या वेगाने अक्षरं एकामागून एक त्याच जागी दाखवली आणि त्यातली दोन टिपायला सांगितली, तर पहिलं टिपल्यानंतर साधारण २०० ते ५०० मिलिसेकंदांत आलेलं दुसरं बहुधा निसटतं. जेन रेमंड आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये याला लक्षाची पापणी लवणं म्हटलं. गंमत अशी की दुसरं अक्षर पहिल्याच्या लगेच पाठोपाठ आलं तर ते सहसा वाचतं. जणू दार मिटण्याआधी दोघं एकत्रच आत शिरतात. आणि बदल टिपण्याबाबत: रोनाल्ड रेन्सिंक यांनी १९९७ मध्ये तेच चित्र थोड्या बदलासह आलटून पालटून दाखवलं, प्रत्येक वेळी २४० मिलिसेकंद, मध्ये ८० मिलिसेकंद कोरा पडदा. भलामोठा बदलसुद्धा सापडायला लोकांना कितीतरी आवर्तनं लागली. कोरा पडदा काढून टाकला की तोच बदल लगेच दिसतो, कारण एरवी बदलासोबत होणारी हालचालच लक्षाला खेचून नेते. पापणी लवली, नजर उडाली, मध्ये काही आडवं आलं, की ती खूण नाहीशी होते.

मग लक्ष आणि जाणीव एकच का? नाही. दृष्टीच्या मुख्य मेंदूभागाला इजा झालेल्या डी. बी. या रुग्णाचा अभ्यास लॉरेन्स वाइस्क्रांट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडला. आंधळ्या बाजूला काहीच दिसत नाही असं तो सांगायचा, पण अंदाज करायला लावलं की ठिपक्याच्या जागेकडे बऱ्यापैकी अचूक बोट दाखवायचा. अशाच अवस्थेतल्या रुग्णांत पुढे हेही दिसलं की खुणेने लक्ष त्या बाजूला वळवलं तर त्यांचं उत्तर लवकर येतं, तरी दिसल्याची जाणीव होत नाही. म्हणजे लक्ष पोहोचलं, जाणीव नाही. दुसरीकडे, डोळे शाबूत असून मेंदूच्या उजव्या भागाच्या इजेमुळे काहींना जगाची डावी बाजूच जाणवत नाही. १९७८ मध्ये बिझियाक आणि लुझात्ती यांनी अशा रुग्णांना मिलानच्या कॅथेड्रलसमोरचा चौक आठवून सांगायला लावला. त्यांनी कल्पनेत उभं राहण्याची जागा बदलली, तशा इमारतींच्या डाव्या रांगा गळल्या आणि आधी गळलेल्या परत आल्या. आठवण शाबूत होती, डावीकडे पोहोचणारं लक्ष नव्हतं.

मेंदूशास्त्रज्ञ स्टॅनिस्लास दहान यांच्या मांडणीत, माहिती जाणिवेत येते म्हणजे ती मेंदूच्या एका कोपऱ्यातून निघून दूरवरच्या अनेक भागांना एकाच वेळी उपलब्ध होते, आणि प्रयोगांत याची ठळक विद्युत खूण साधारण ३०० मिलिसेकंदांनंतर उमटते. त्याआधी आकार, रंग, कधी कधी अर्थाचाही काही भाग नकळत हाताळला गेलेला असतो. तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांचा आक्षेप असा, की आपल्याला जितकं सांगता येतं त्याहून जास्त अनुभवाला येत असेल. जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये बारा अक्षरं ५० मिलिसेकंद दाखवली, तेव्हा लोकांना चार-पाचच सांगता आली. पण चित्र गेल्यावर लगेच एका सुराने ‘फक्त ही ओळ’ असं सुचवलं, तर कुठल्याही ओळीतली बहुतेक अक्षरं सांगता आली. मुद्दा अजून मिटलेला नाही. व्यवहारात मात्र एवढं नक्की धरून चाला, की लक्ष नसेल तर जे आत गेलं ते सांगता येणार नाही आणि त्यावर निर्णयही घेता येणार नाही.

आता सवयीच्या प्रश्नाकडे परत. गाडी चालवताना फोनवर बोलण्याबाबत डेव्हिड स्ट्रेयर यांच्या २००१ पासूनच्या प्रयोगांत फोन हातात असो वा नसो, फरक पडला नाही. अडचण हाताची नाही, संभाषणाकडे गेलेल्या लक्षाची आहे. त्या चालकांची नजर फलकांवर पडत होती, पण नंतर फलक ओळखता येत नव्हते. शेजारी बसलेला माणूस वळण आलं की बोलणं आपोआप थांबवतो, फोनवरच्या माणसाला वळण दिसतच नाही. गाडीत फोन बंद, एवढाच उपाय खात्रीचा आहे.

धोक्याची घंटा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान फ्लोरिडातल्या दलदलीत कोसळलं. चाकं उतरल्याचा दिवा लागला नव्हता आणि सगळे त्यात गुंतले होते. उंची कमी होत असल्याची घंटा ध्वनिमुद्रणात ऐकू येते, पण तिला कुणीही प्रतिसाद दिल्याचं ऐकू येत नाही. दिवा शेवटी जळालेला निघाला, आणि शंभरहून अधिक माणसं गेली. अशा कामात बिघाडाकडे बघायला एकाला नेमा आणि दुसऱ्याला फक्त मुख्य काम सोपवा, तेही त्याचं नाव घेऊन, मोठ्याने.

दुर्मीळ गोष्ट शोधायची असेल तेव्हा सर्वांत जास्त काळजी हवी. वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधल्या प्रयोगात शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना ७ टक्के वेळा सुटली, शंभरातल्या एकाच चित्रात असताना ३० टक्के वेळा. बराच वेळ काही सापडत नाही तेव्हा ‘नाही’ म्हणण्याची घाई होते. म्हणून तपासणीच्या ढिगात मुद्दाम काही माहीत असलेले नमुने मिसळा आणि ते पकडले गेले की नाही ते त्या माणसाला लगेच कळू द्या. नुसतं नमुने मिसळणं पुरत नाही. एक दोष सापडला की शोध तिथेच सैल पडतो, त्यामुळे पहिला सापडल्यावर पुन्हा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करायचा नियम ठेवा. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये रडारवरच्या कामासारख्या प्रयोगात दाखवलं, की सतत पहारा देणाऱ्याचं टिपणं पहिल्या अर्ध्या तासातच घसरतं. दोन तासांची पाळी लावून नंतर चुकीबद्दल रागावण्यापेक्षा अर्ध्या तासाने माणूस बदलणं जास्त उपयोगाचं.

मजकूर तपासताना शुद्धलेखन, आकडे आणि अर्थ एकाच फेरीत पाहू नका. आकड्यांच्या फेरीत फक्त आकड्यांवर बोट ठेवत, ते तोंडाने म्हणत जा. जपानच्या रेल्वेत सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने म्हणण्याची पद्धत याच कारणाने टिकून आहे: हात, तोंड आणि कान यांना त्या एका गोष्टीवर आणल्याशिवाय हालचाल पूर्ण होत नाही, त्यामुळे नजर नुसती वरून सरकून जाऊ शकत नाही. आणि शेवटची फेरी काहीही न शोधता करा, मोजणी नाही, यादी नाही, थोडं लांबून, सावकाश. अपेक्षेत नसलेली चूक सापडली तर बहुधा याच फेरीत सापडते.